कामापोटी नागपूर

आमच्या घरून कोणी नागपूरला फिरायला गेल्याचं मला आठवत नाही. नागपूरला काम असायचं. बाबा आदल्या रात्री थैलीत दवाखान्याची फाईल नाहीतर जमिनीचे कागद भरून ठेवायचे, आई पहाटे उठून पोळ्या लाटायची आणि उजाडायच्या आत आम्ही बापलेक जामच्या चौरस्त्यावर एसटीची वाट पाहत उभे. गाव समुद्रपूर तालुक्यातलं. जामवरून गाडी मिळाली की बुटीबोरीमार्गे दीडेक तासात नागपूर. थंडीत एसटीच्या काचा खडखडायच्या आणि थैलीतल्या डब्यातून आलूच्या भाजीचा वास यायचा. भूक तर सकाळपासूनच लागलेली असायची, पण डब्याला हात लावायची सोय नव्हती. बाबांचा कायदा होता, "आधी काम, मंग पोट."

या कायद्यामुळं माझं नागपूर इतरांपेक्षा वेगळं झालं. तिथं वाढलेल्या मित्रांना खाण्याबद्दल विचारलं की ते धरमपेठेतला कोणी चाटवाला सांगतात, सदरमधलं कोणतं तरी जुनं हॉटेल सांगतात. मला आठवतात ती कामं, आणि काम उरकल्यावर मिळालेला घास. आजोबांचा डोळा म्हणजे मेडिकलच्या फाटकाबाहेरचे पोहे. काकाजींसोबतचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, खटला म्हणजे वकिलाच्या घराजवळचा तर्रीत बुडालेला समोसा. विहिरीवरची मोटर रिवाइंडिंगला नेली तो दिवस म्हणजे कॉटन मार्केटजवळचा आलूबोंडा. (त्या मार्केटात कापूस नसतो, भाजीपाला असतो. बाबा दर खेपेला तिथं थांबून आजूबाजूला पाहायचे, आणि दर खेपेला त्यांना ते पटायचं नाही.) ताईच्या लग्नाचा बस्ता म्हणजे बर्डीवरचा उसाचा रस, पाच माणसांत तीन गिलास.

आलूबोंड्याबद्दल एक सांगून ठेवतो. मुंबई-पुण्याकडं त्याला बटाटेवडा म्हणतात आणि पावात घालतात. आमच्याकडं तो प्लेटमध्ये फोडतात आणि वरून तर्री नाहीतर कढी ओततात. पाव कशाला लागतो, हे मला पुण्यात जाऊन आल्यावरही नीट कळलेलं नाही.

आजोबांना मोतीबिंदूसाठी नेलं तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, १९४७ सालापासूनचं. आमच्या गावात 'त्याले मेडिकलले नेलं' असं कोणी म्हटलं की ऐकणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. तिथल्या झाडांखाली नातेवाइकांची वस्ती पडलेली असते. कोणी चंद्रपूरकडचं, कोणी गडचिरोलीकडचं, कोणी पार बालाघाट-छिंदवाड्याहून आलेलं. दुपारी सगळ्यांचे डबे एकाच वेळी उघडायचे आणि मग देवाणघेवाण सुरू. आमचा ठेचा पलीकडच्या सतरंजीवर जायचा आणि तिकडून तांदळाची भाकर यायची. धानोऱ्याकडच्या एका म्हातारीनं मला लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं होतं. आमच्याकडं तुरीशिवाय वरण माहीत नव्हतं. मी दोनदा मागून घेतलं. बाबा डोळे मोठे करून पाहत होते आणि म्हातारी म्हणत होती, "खाऊ दे ना बापू, लेकराचं पोट हाय." नागपुरात मी पहिल्यांदा बाहेरचं काही खाल्लं असेल तर ते हे. ते नागपूरचं नव्हतं, आणि त्यासाठी पैसेही पडले नव्हते.

पोहे त्याच मुक्कामातले. आजोबांना वॉर्डात घेतलं आणि बाबांच्या मते काम झालं. फाटकाबाहेर हातठेल्यावर दोन पातेली होती. एकात पोहे, पिवळेजर्द, वाफेवर फुगलेले, फोडणी जेमतेम दाखवण्यापुरती. दुसऱ्यात तर्री. पोह्यांना मुद्दाम सौम्य ठेवतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. सगळी चव दुसऱ्या पातेल्यात असते. काळे चने शिजून तळाशी बसलेले, वर बोटभर लाल तेल. पोहेवाला डाव नुसता वरवर फिरवायचा म्हणजे तेल येतं, किंवा खाली घालायचा म्हणजे चने येतात. गिऱ्हाईक पाहून तो हे ठरवत असावा. बाबांच्या धोतराकडं पाहून त्यानं डाव तळापर्यंत नेला, चने भरभरून दिले, वर कच्चा कांदा आणि सांभार टाकला. सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी सांबार समजू नये.

पहिल्या घासाला ठसका लागला. दुसऱ्याला नाक वाहायला लागलं. बाबा म्हणाले, "काहून थांबला? पानी पिऊ नको, अजून झोंबते. खात राय." मी खात राहिलो. तळाला पोहे तर्री पिऊन मऊ पडले होते आणि त्या शेवटच्या चार चमच्यांची चव मी आजवर शोधतोय. कस्तुरचंद पार्कजवळच्या टपऱ्यांवर शोधली, जिथं सकाळी लोक गाड्यांवर बसूनच प्लेट धरतात. तिथले पोहे चांगले असतात, कदाचित जास्तच चांगले. पण मी उपाशी नसतो.

हे पोहे इथं कसे आले, याचा मी माझ्यापुरता हिशेब मांडला आहे. नागपूरच्या पूर्वेला धानपट्टा आहे, भंडारा, गोंदिया, पुढे छत्तीसगड. पश्चिमेला आणि दक्षिणेला आम्ही आहोत, कापूस, तूर, चना. पूर्वेचा पोहा आणि आमचा चना एका प्लेटमध्ये भेटावेत तर मधे नागपूरच लागणार. शिवाय १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कचोरी, समोसा, जिलबी तिकडून आली तर कोणी परकी मानली नाही. आणि पहाटे ताटलीभर गरम खाऊन कामावर पळणारी माणसं इथं आधीपासून होती. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथं १८७७ साली सुरू झाली. तिच्या भोंग्यावर अर्धं शहर उठायचं असं म्हणतात. त्या जागेवर आता मॉल आहे. मी एकदा आत गेलो होतो, वरच्या मजल्यावर खाण्याची दुकानं आहेत, सगळं मिळतं, पोहे दिसले नाहीत. आमचाच कापूस त्या मिलमध्ये गेला असणार, आजोबांच्या आजोबांचा. असो.

बारावीनंतर दोन वर्षं मी नागपुरात खोली करून राहिलो. कामाशिवाय राहिलो असं म्हणता येईल, कारण अभ्यास फारसा केला नाही. त्या दोन वर्षांत सावजी भेटलं.

घरी मटण खात होतो, पण पोळ्याच्या करीला आणि पाहुणा आला तर. सावजीकडं जायचं हे रूमवरच्या एका मित्रानं ठरवलं. महाल या जुन्या वस्तीतल्या मागच्या गल्लीत एका घराची पुढची खोली, चार टेबलं, भिंतीवर देवाचं कॅलेंडर, आत चुलीजवळ घरचीच बाई. पाटी इतकी मळलेली की वाचायची गरज पडू नये. सावजी म्हणजे इथल्या हलबा कोष्टी समाजाचं जेवण. मागावर धोतरं-लुगडी विणणारी ही माणसं. मागाचे दिवस फिरले तसं कित्येक घरांनी पुढच्या खोलीतला माग काढून तिथं टेबलं मांडली, असं जुनी माणसं सांगतात. त्या खोल्यांची रुंदी पाहिली की ते खरं वाटतं. ताटात मुंडी, खूर, खिमा, जे म्हणाल ते. मांस न खाणाऱ्याला पाटोडी, म्हणजे बेसनाच्या वड्या त्याच रश्श्यात सोडलेल्या. आणि पाटोडी ही कमीपणाची गोष्ट नाही. माझं प्रामाणिक मत आहे की सावजी रस्सा मटणापेक्षा पाटोडीला जास्त लागतो. हे मत नागपुरात मोठ्यानं बोलू नये.

रस्सा लाल नसतो, काळपट असतो. सुकं खोबरं, धणे, मिरे, लवंग, दगडफूल, सगळं भाजून वाटलेलं, आणि भिवापूरची मिरची. ही मिरची आमच्या शेजारच्याच पट्ट्यातली, आता तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. लोक सावजी म्हणजे तिखट एवढंच सांगतात. तिखट असतंच, कान गरम होतात. पण मी भाकरीचा तुकडा बुडवला आणि थांबलो ते तिखटानं नाही. त्या तवंगाला एक वास होता. थोडा कडसर, थोडा कच्च्या गवतासारखा, जिभेच्या मागं रेंगाळणारा. तो मला ठाऊक होता. मी डोकं खाजवत बसलो. मित्राला वाटलं मला तिखट लागलं, त्यानं दही मागवलं.

खोलीवर परत येताना आठवलं. जवस. आजी चुलीपुढं बसलेली, भाकर तव्यावरून काढून तिला बोटांनी खड्डे पाडायची, त्यात जवसाचं तेल आणि मीठ, आणि वरून कांदा हातानं फोडायची. सावजी मसाला जुन्या रीतीनं जवसाच्या तेलात करतात. आता सगळेच करत नाहीत, तेल महाग पडतं. त्या चार टेबलांच्या खोलीत अजून करत होते.

मधल्या काळात आमच्या गावात जवस संपला होता. कोणी बंद केला असं नाही, नुसता संपला. लहानपणी गव्हाच्या आणि चन्याच्या कडेनं, धुऱ्यालगत जवसाची ओळ असायची. पौषात निळी फुलं यायची, सकाळी उमललेली दुपारपर्यंत गळून जायची. त्या ओळीचं तेल घरापुरतं व्हायचं. तेल काढायला जवस तेल्याच्या घाणीवर जायचा, ढेप बैलाला. मग घाणी बंद पडली. मग सोयाबीन आलं आणि त्यामागून सोयाबीनचं तेल प्लास्टिकच्या पिशवीत किराणा दुकानात आलं. आजी गेल्यावर त्या ओळीची आठवण ठेवणारं घरात कोणी उरलं नाही. ज्वारीचंही तसंच. खरिपाची ज्वारी सोयाबीननं खाल्ली, जी उरली ती पाखरांनी आणि रानडुकरांनी. राखण करायला माणूस कुठून आणायचा?

म्हणजे झालं असं की माझ्या आजीच्या भाकरीवरचं तेल मला गावात सापडत नव्हतं, आणि इतवारी-महालाच्या गल्लीत प्लेटीच्या भावानं सापडलं. मला तेव्हा राग आला होता, कोणाचा ते माहीत नाही. आता वाटतं, विणकरांनी ते टिकवलं म्हणून बरं झालं, आपण तर सोडून मोकळे झालो होतो.

गावातून कामाशिवाय नागपूरला जाणारी माणसं नव्हतीच असं वरचं वाचून वाटेल, ते पूर्ण खरं नाही. आमच्या आळीत नव्हती. गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिकडची सगळी घरं कुलूप लावून निघायची, दीक्षाभूमीला. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून त्यांची ही वारी चालू आहे. माझा शाळेतला मित्र दरवर्षी जायचा आणि येऊन सांगायचा की तिथं दोन दिवस पैसे लागत नाहीत. मला खोटं वाटायचं. नागपुरात राहायला लागल्यावर त्याच्या घरच्यांसोबत गेलो.

खोटं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अन्नदानाचे मांडव. मसालेभात, पुरी-भाजी, बुंदी, कुठं पिठलं-भाकर. वाढणारे हाताला धरून बोलवत होते. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया गाठोडी घेऊन फुटपाथवर बसल्या होत्या आणि मांडवातलं खाऊनही गाठोड्यातलं काढत होत्या. मित्राच्या आईनं तीन दिवसांच्या भाकरी आणल्या होत्या, सोबत ठेचा आणि एक काळपट चटणी. मी बोट लावून पाहिलं. जवसाची. त्यांच्या घरी एका कोपऱ्यात अजून पेरत होते.

त्याचे आजोबा पाय लांब करून बसले होते. मी त्यांना सहज विचारलं की नागपुरात पहिल्यांदा काय खाल्लं. म्हणाले, "चा पेलो." म्हटलं, चहा तर गावातही मिळतो. ते हसले. गावातल्या हॉटेलात त्यांची कपबशी बाहेर कोनाड्यात वेगळी असायची, आपण धुवायची आणि आपणच परत ठेवायची. नागपुरात टेशनाजवळ हॉटेलवाल्यानं गिलास आणून टेबलावर ठेवला आणि निघून गेला. "मी बसूनच रायलो. म्हटलं आता हा धुवाचा कुठी?" चहा कसा होता ते त्यांना आठवत नव्हतं. गावातलं ते हॉटेल माझ्या एका नातेवाइकाचं होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. दोघंही त्यावर काही बोललो नाही. त्यांनी मला बुंदी पुढं केली.

मागच्या वर्षी भाच्याला नागपुरात नोकरी लागली आणि त्यानं बाबांना जेवायला नेलं. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कामाशिवाय, नुसतं जेवायला शहरात जायची ही त्यांची पहिली खेप, म्हणून त्यांनी थैलीत बँकेचं पासबुक घेतलंच. वाटेत काही काम निघालं तर असावं. वर्धा रोडवरचं ते हॉटेल गावासारखं सजवलेलं. दाराशी बैलगाडी, आत कंदील, खाटा, फेटा बांधलेली पोरं. भाचा हौसेनं सगळं दाखवत होता. बाबा गाडीपाशीच थांबले. चाकाला हात लावला, वाकून आखाकडं पाहिलं आणि म्हणाले, "वंगन नाई देल्लं याले कवाचं."

आत वांग्याचं भरीत, ठेचा, चुलीवरची ज्वारीची भाकर. भरीत फार छान होतं, खोटं कशाला बोलू. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजलेल्या वांग्याला जो धुराचा वास असतो तो होता. आमच्याकडं आता वांगं गॅसवर भाजतात आणि पऱ्हाटी शेतातच चुरा होते. बाबा मन लावून जेवले. मग मेनूकार्ड डोळ्यांजवळ धरून त्यांनी हिशेब केला.

"एका भाकरीचे तीस रुपे. किलोत दहा भाकरी होते. म्हंजे किलोले तीनशे. क्विंटलले तीस हजार!"

"आबाजी, त्याच्यात चुलीचे, माणसाचे पैसे राहते ना," भाचा म्हणाला.

"चुलीचे तर आमी कधी लावलेच नाई," बाबा म्हणाले. आणि पाणी पिऊन, जरा वेळानं, माझ्याकडं वळून, "औंदा एकरभर पेरतं काय ज्वारी?"

"राखण कोण करन बाबा?"

ते गप्प झाले आणि त्यांनी आणखी एक भाकर मागवली.

इकडं आमच्या फाट्यावर उलटा कारभार चालू आहे. पूर्वी तिथं एक पानठेला आणि एक चहाचं दुकान होतं. आता संध्याकाळी चायनीजचा ठेला लागतो, लाल बल्ब, मोठी कढई, शेजवान चटणीची बरणी. चालवणारा पोरगा गावातलाच, नागपुरात तीन वर्षं कुणाच्या हाताखाली काम करून आलेला. पहिले दोन महिने त्याचा धंदा बसला नाही. लोक म्हणायचे कोरडं लागते. मग त्यानं आईकडून चन्याची तर्री करून आणली आणि नूडल्सवर डावभर ओतायला लागला. आता आठवडी बाजाराच्या दिवशी रांग लागते. बाबांनी एकदा खाऊन पाहिलं. निकाल दिला, "तर्री बरी हाय. शेवया कच्च्या हाय." मी मात्र त्या पोराच्या बाजूचा आहे. शहरात जाऊन जे शिकला ते त्यानं गावच्या जिभेला वाकवून घेतलं. नागपूरनंही यापेक्षा वेगळं काय केलं?

दिवाळीआधी मी इतवारीत गेलो होतो, ट्रॅक्टरच्या एका सामानासाठी. काम झालं. पोहे खाल्ले. आईसाठी संत्रा बर्फीचा डबा घेतला, कारण तो नसला तर नागपूरला जाऊन आल्याचं घरात कोणी मानत नाही. वास्तविक आमच्याकडं संत्री नाहीत, ती काटोल-वरुडकडची, पण गावाला तेवढा फरक कोण सांगणार. मग किराणा ओळीत एका दुकानाच्या फळीवर बाटल्या दिसल्या, पिवळसर तपकिरी. जवसाचं तेल. दुकानदार म्हणाला, खाण्याचं आहे, घाण्याचं आहे. अर्धा लिटर घेतलं.

एसटीत गर्दी होती. थैली पायांत, त्यावर कोणाचं तरी गाठोडं. बुटीबोरीच्या पुढं वास आला तेव्हाच कळलं की झाकण सैल होतं. घरी येईपर्यंत बाटली निम्मी झाली होती, ट्रॅक्टरचा पार्ट तेलात न्हाला होता आणि बर्फीचा डबा खालून ओला. आईनं डबा उघडला, एक वडी उचलली, वास घेतला. मी म्हटलं, टाकून दे, दुसरी आणतो. ती काही बोलली नाही. वडी तोंडात टाकली आणि बराच वेळ घोळवत राहिली.

"भाकर टाकू काय?" तिनं विचारलं.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते, सगळ्यांची जेवणं होऊन गेली होती. बाबा आतून म्हणाले, "टाक."